पाय येवल्यात होते

प्रश्न विचारून झाला होता आणि उत्तर येत नव्हते. विणकर संस्थेच्या सभागृहातल्या पंख्याचे एक पाते वाकलेले होते. प्रत्येक फेरीला ते हवेत किंचित अडखळे, आणि त्या अडखळण्यावाचून दुसरा आवाज नव्हता. समोरच्या भिंतीवर तीन चेहरे उजळले होते. मध्ये पणजीहून निवृत्त न्यायमूर्ती फिलोमिना कुलासो, दोन्ही बाजूंना दूरदेशीचे दोन पंच. तिघेही शर्वरी बाकळेकडे पाहत होते.

प्रश्न साधा होता. गेल्या चौदा नोव्हेंबरला, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी, म्हणजे इजा झाली त्या क्षणी, अर्जदार कुठे होत्या?

शेजारी बसलेल्या ॲडव्होकेट जुलेखा पठाण यांनी कागदांवरची नजर उचलली नाही, पण त्यांचे पेन थांबले. या प्रश्नाची तालीम आठवडाभर झाली होती. उत्तर एका शब्दाचे होते: येवल्यात. तेवढा शब्द उच्चारला की पुढचे सारे कायदा वाहून नेणार होता.

शर्वरीने आपल्या उजव्या हाताकडे पाहिले. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट टेबलाच्या काचेवर टेकलेली होती. काच थंड आहे की कोमट, हे त्या तीन बोटांना चार महिने झाले कळत नव्हते. तिने खरे बोलण्याची शपथ घेतली होती, आणि त्या क्षणाविषयीचे खरे तिला त्या बोटांच्या शेवटच्या आठवणीतूनच ठाऊक होते.

"समुद्रात," ती म्हणाली.

कंपनीचे वकील पडद्यावरच्या आपल्या चौकोनात मागे रेलले. जुलेखाबाईंनी पेनाला टोपण लावले.

*

शर्वरीचे हात दोन ठिकाणी कामाला आहेत, असे तिचे वडील मुरलीधर बाकळे, म्हणजे आप्पा, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. संध्याकाळी घरच्या पैठणीच्या मागावर आणि सकाळी उत्तर समुद्राच्या तळाशी. यातले पहिले काम ते अभिमानाने सांगत आणि दुसरे तक्रारीने. मुलीच्या लग्नाचा विषय त्यांनी पाच वर्षांपूर्वी सोडला होता; समुद्राचा सोडलेला नव्हता.

जगाचे बहुतेक बोलणे समुद्राच्या तळाशी पडलेल्या तारांतून जाते. त्या तारांच्या पोटात केसाएवढे काचेचे तंतू असतात आणि त्यांतून प्रकाश धावतो. एखाद्या जहाजाचा नांगर घासला की तार उसवते. तिच्या दुरुस्तीची यंत्रे पूर्वीही होती. पण तळाचा गाळ एकदा उठला की यंत्राचे डोळे मिटतात आणि उरतो तो केवळ स्पर्श. त्या गरजेतून दूरहस्त जन्मले: जहाजावरून दोराने तळाशी सोडलेले धातूचे दोन हात, आणि हजारो मैलांवर एका चौकटीत हातमोजे घालून बसलेले माणूस. माणसाने बोट वाकवले की तिकडचे बोट वाके. तिकडे तंतू लागला की त्याचा ताण इकडच्या बोटाला जाणवे. मात्र अंतरामुळे तो स्पर्श सेकंदाच्या दहाव्या हिश्शाने उशिरा पोचतो, आणि उशिरा आलेला स्पर्श परक्याचा असतो. म्हणून येवल्याच्या खोलीत एक अंदाजयंत्र बसवलेले होते. पुढच्या क्षणी बोटाला काय लागेल याचे चित्र ते आधीच बांधून ठेवी, आणि चित्राबाहेरचा जोर चालून आला तर तो दारातच थोपवी. माणसाच्या बोटांचा राखणदार म्हणजे हे चित्र.

ऑर्मवेर कंपनीने या कामासाठी प्रथम शल्यविशारद घेऊन पाहिले, मग घड्याळे दुरुस्त करणारे. शेवटी कुणीतरी येवल्याचे नाव काढले: हजारो धाग्यांच्या ताण्यात तुटलेले एक टोक डोळ्यांनी नव्हे, चिमटीने शोधणारी माणसे तिथे राहतात. आठ विणकर निवडले गेले. त्यांतल्या शर्वरीला पहिल्याच दिवशी गाळाच्या काळोखात काचेचा तंतू लागला, आणि तिला वाटले, हा रेशमाचाच कुणी दूरचा, अबोल भाऊ आहे. हातमोज्यात थंडी मुद्दाम सोडलेली असे. पाण्याचा एक संथ, मोठा श्वास असे. आपण दुष्काळी तालुक्यात जन्मलो आणि रोज सकाळी चार तास समुद्र होतो, हे ती कुणाला सांगू शकत नव्हती. सांगितले असते तर आप्पांनी विचारले असते, पाणी भरून आणलंस का.

जहाजावर दूरहस्तांची देखभाल ईडा नावाची पन्नाशीची नॉर्वेजियन तंत्रज्ञ करी. दोघींच्या मध्ये भाषांतर करणारे यंत्र होते, आणि ते मराठी बहुधा ताम्रपटांवरून शिकले असावे. "आदरणीय भगिनी, प्रातःकाळ शुभ असो. आज गाळ विपुल आहे," अशी ईडा रोज अवतरे. शर्वरी म्हणे, चहा झाला का. त्याचे पलीकडे काय होते, हे ईडाने पुढे कळवले: तू बिशपसारखी बोलतेस, पण माझ्या न्याहारीची इतकी काळजी कुठल्याच बिशपने केलेली नाही.

पाळी सुरू होण्यापूर्वी दूरहस्त डेकवर तपासले जात. येवल्यातले आठही विणकर चौकटीत बसले की आधी चौकटीला हात लावून तो कपाळी नेत. मागावर बसताना नेत तसाच. तिकडे धातूचा हातही यंत्राच्या बुडाला टेकून वर, कॅमेऱ्याच्या खांबापर्यंत जाई, धडकेल या भीतीने सुरक्षाव्यवस्था त्याला जखडून टाकी, आणि अकरा मिनिटे वाया जात. कंपनीने पत्र पाठवले की ही हालचाल थांबवावी. आठांनीही मनापासून प्रयत्न केला. हात ऐकेनात. ईडाला मात्र पहिले काही दिवस वाटत होते की हे अभिवादन तिलाच आहे. तीही जहाजाच्या कठड्याला हात लावून कपाळाला लावी. खुलासा झाल्यावरही तिने ते सोडले नाही. मग एके दिवशी हात जखडले जायचे थांबले. कसे, ते कुणी विचारले नाही. सुरळीत चाललेल्या गोष्टीला कोण विचारते.

चौदा नोव्हेंबरला तळाशी ओढ फार होती. शर्वरीच्या चिमटीत ताणलेली तार होती. तिचा हात क्षणभर वर गेला, परत आला, आणि त्याच क्षणी सगळा समुद्र तिच्या मनगटात शिरला. हातमोज्याने बोटे उलटी दुमडली. हाडे पुढे जुळली. चिमटीची नस तुटली ती तुटलीच.

नाशिकच्या शल्यविशारदांनी उपाय सांगितला. नसेच्या दोन टोकांमध्ये रेशमाच्या प्रथिनाची नळी ठेवायची. नस त्या भिंतीला धरून दिवसाला एक मिलिमीटर पुढे सरकते. विणकराला रेशमच वाट दाखवणार, हे ऐकून आप्पासुद्धा गप्प झाले होते. पण वर्षाच्या आत हे झाले नाही तर पुढची वाट बुजते. आणि हा उपचार बाकळ्यांच्या आवाक्यातला नव्हता.

आता खरा पेच हयगय कुणाची हा नव्हता; त्याच्याही आधीचा होता. कायदा कोणत्या देशाचा? कंपनीची नोंदणी एका देशात, जहाजावरचा झेंडा दुसऱ्याचा, समुद्र तिसऱ्याचा, संदेश वाहणारी यंत्रे चौथ्यात, आणि चिमटी येवल्याची. करारात कामाचे ठिकाण म्हणून जहाज आणि त्याची पाण्याखालची साधने लिहिलेली होती. झेंडा एका इवल्या बेटराष्ट्राचा होता. तिथला कायदा जखमी हाताच्या हाती एक ठरीव रक्कम ठेवून त्याला निरोप देई, आणि तीही चार-पाच वर्षांनी. यंत्र तपासले होते का, हे तो विचारतही नसे. आपल्याकडचा नवा दूरश्रम अधिनियम निराळे सांगत होता: ज्याच्या हयगयीने मोडले, त्याने ते होईल तितके पूर्वीसारखे करून द्यावे, आणि लगेच द्यावे. फक्त काम येवल्यात घडले, असे ठरायला हवे होते.

आणि शर्वरीने स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, समुद्रात.

*

मधल्या सुट्टीत जुलेखाबाई व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. त्या रागावल्या की त्यांचा आवाज अधिकच मऊ होई.

"शर्वरीताई, पंचवीस वर्षांत विरुद्ध बाजूच्या वकिलाला मुद्दा इतका स्वस्तात मिळाला नव्हता. त्यांचं काम तुम्ही घरच्या घरीच करून दिलंत."

शर्वरी म्हणाली की दुसरे काही सांगितले असते तर ते खोटे झाले असते. ती त्या खोलीत नव्हतीच. खोली तिला आठवतही नाही. तिला आठवते ते पाणी.

पायरीवर आप्पा बसले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, कानात यंत्र. आतले सगळे त्यांनी ऐकले होते. जुलेखाबाईंना वाटले, आता हे लेकीला बोलणार. पण आप्पांनी विचारले ते वेगळेच.

"हात कपाळाला कशाला गेला होता?"

शर्वरीने जबाबात लिहिले होते तेच सांगितले: घाम पुसायला.

"नोव्हेंबरात? त्या गारठवून ठेवलेल्या खोलीत?" आप्पांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तुझा हात मी धरून फिरवलाय गं मागावर. घाम तू डाव्या खांद्याला पुसतेस. लहानपणापासून."

रस्त्यापलीकडच्या दुकानात कुणीतरी ग्राहकाला मोराचा पदर उलगडून दाखवत होते आणि त्याची जर उन्हात चमकत होती.

"पाय लागला," शर्वरी म्हणाली. इतक्या हळू की आप्पांना कानातले यंत्र दाबावे लागले.

आप्पांनी मान हलवली. त्यांना यापुढे काही विचारायचे नव्हते. जुलेखाबाईंना सगळेच विचारायचे होते. मग आप्पांनीच त्यांना समजावले. विणकराचे पाय दिवसभर मागाखालच्या पावड्या दाबत असतात, ते कामच आहे. पण मागाच्या अंगाला पाय लागणे वेगळे. चुकून लागला तर त्याच क्षणी हात लावून कपाळी न्यायचा. मनात येण्याआधी हात गेलेला असतो. आणि ज्याचा पाय मागाला लागतो त्याला अजून बसता येत नाही, असे म्हणतात. म्हणून लागला तरी कुणी सांगत नाही. हिने चार महिने पोटात ठेवले.

"वीस वर्षं मागावर बसलेय मी, मॅडम," शर्वरी म्हणाली. "जगभर वाचतील असल्या कागदावर लिहू का, की बाकळ्यांच्या मुलीला पाय सांभाळता येत नाहीत?"

जुलेखाबाई एकटक तिच्या पायांकडे पाहत होत्या. सुनावणीला जाण्यापूर्वी त्यांनी चपला व्हरांड्यातच काढल्या होत्या, तिघांनीही. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजाडत गेले.

"लिहायचं नाही," त्या म्हणाल्या. "आत जाऊन सांगायचं. मोठ्याने."

आपला दोष कबूल केला तर निकाल आपल्यावरच उलटेल, अशी शर्वरीला भीती होती. जुलेखाबाईंनी तिला एवढेच सांगितले की हात मध्येच का सुटला याचे खरे उत्तर आजवर कुणाकडेच नव्हते. नोंदीत हात सुटलेला दिसे त्या तीन सेकंदांना कंपनी कामगाराची बेफिकिरी म्हणत होती. बेफिकीर माणूस क्षमा मागत नाही.

*

दुपारी शर्वरीने आपल्या उत्तरात भर घालण्याची परवानगी मागितली. सकाळचे उत्तर खरे होते, पण ते हातांपुरते होते, असे ती म्हणाली. मग तिने पायाचे सांगितले. तार ओढत होती, म्हणून ती खालच्या पट्टीला पाय रोवायला गेली आणि तो चौकटीच्या खांबाला लागला. सांगताना तिचे कान तापले. सभागृहाच्या मागच्या रांगेत बाकीचे सात विणकर बसले होते, आणि सातही जणांनी, जणू ठरवून, जमिनीकडे पाहिले. प्रत्येकाला आपापला पाय आठवला असावा.

कंपनीचे वकील तयारच होते. भाषांतरयंत्राने त्यांचे म्हणणे भारदस्त मराठीत आणले: अर्जदाराने भाराखालील तार वैयक्तिक श्रद्धेपायी सोडली, हयगय कोणाची, हे आता निराळे सांगणे नको.

जुलेखाबाई उठल्या. त्यांना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती.

"समुद्राखालच्या आपल्या यंत्राला पाय किती आहेत?"

भाषांतर पोचायला वेळ लागला. वकिलांनी हा प्रश्न गैरलागू ठरवला. कुलासोबाई म्हणाल्या की त्यांनाही उत्सुकता आहे.

"एकही नाही. ते दोराला टांगलेलं असतं."

"मग पाय लागला तो कुठे लागला?"

पंखा अडखळला, पुढे गेला. ही शांतता सकाळच्या शांततेची बहीण होती, पण हसरी. कुलासोबाईंनी चष्मा पुसायला घेतला आणि तो बराच वेळ पुसला.

त्यानंतर पडद्यावर ईडा आली. कंपनीने हरकत घेतली की त्यांच्या कर्मचाऱ्याला परवानगीशिवाय साक्ष देता येणार नाही. ईडाने सांगितले की ती काल संध्याकाळपर्यंत कर्मचारी होती. तिच्या मागे मासेमारीचा धक्का होता आणि एक समुद्रपक्षी तिच्या टोपीकडे संशयाने पाहत होता.

तिने सांगितले ते असे. हात जखडले जायचे थांबले, कारण तिनेच तशी सोय सुचवली होती. विणकरांना थांबवण्यापेक्षा यंत्रालाच शिकवावे, असे तिला वाटले. हात कपाळाकडे निघाला की तीन सेकंद जोडणी सुटायची, धातूचे हात जागीच थांबायचे, आणि मग जोडणी परत. डेकवर ते छान चालले. पण जोडणी परत आल्यावर अंदाजयंत्राला आपले चित्र नव्याने बांधायला दोन सेकंद लागत होते, आणि त्या दोन सेकंदांत दारात राखणदार नव्हता. सकाळी डेकवर हात रिकामे असत, म्हणून कुणाला कळले नाही. ईडाला शंका आली होती. तिने सूचनेखाली लिहिले होते: भाराखाली तपासल्याशिवाय वापरू नये. जहाज आठ दिवस मागे पडले होते. वरिष्ठांनी सूचना स्वीकारली, शेवटची ओळ गाळली, आणि दुसऱ्याच दिवशी ती लागू केली. दोन्ही कागद तिने पंचांपुढे ठेवले.

"मी तिच्या नमस्कारासाठी खिडकी केली," ईडा म्हणाली, आणि भाषांतरयंत्राला प्रथमच साधे बोलायला जमले. "त्या खिडकीला पडदा लावायचं काम त्यांचं होतं. आणि दहा वेळा विचारायचं काम माझं होतं. मी एकदाच विचारलं."

शर्वरीने पडद्यापुढे डावा हात टेबलाला लावला आणि कपाळी नेला. धक्क्यावर ईडाने लाकडी खांबाला हात लावला. समुद्रपक्षी उडाला.

जाता जाता ईडाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी तिला मुळीच महत्त्वाची वाटत नव्हती. खिडकी नेमकी केव्हा उघडावी हे ठरवायला कंपनीने आठही विणकरांची मापे मागवली होती: चौकटीपासून कपाळापर्यंत हाताला किती अंतर पडते. शर्वरीचे अठ्ठावन्न सेंटिमीटर होते.

जुलेखाबाईंनी पेनाचे टोपण काढले.

*

निर्णय मार्चच्या अखेरीस आला. विणकरांनी त्याला पायांचा निकाल असे नाव दिले आणि ते तसेच रूढ झाले. कुलासोबाईंनी लिहिले होते की अर्जदाराचे हात समुद्रात होते, हे तिचे म्हणणे पीठ अमान्य करत नाही. माणूस आपल्या कामात असतो, आणि त्याचे काम जिथे असते तिथे तो काही अंशी असतोच. पण कायद्याला उभे राहायला जमीन लागते, आणि शरीराचा भार ज्या जमिनीवर असतो तिचाच कायदा त्या शरीराचे रक्षण करतो. आणि ज्या कंपनीने अर्जदाराच्या हातापासून कपाळापर्यंतचे अंतर मोजून घेतले, तिला ते कपाळ कोणत्या देशात आहे हे ठाऊक नव्हते, असे म्हणता येणार नाही. करारातली ओळ बाजूला सारली गेली. येवल्याचा कायदा लागू झाला.

एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी आप्पांना एक युक्ती शिकवली: वाढणाऱ्या नसेचे टोक जिथवर पोचले असेल, तिथे हलकेच टिचकी मारली की बोटांत मुंग्या येतात. दुसऱ्या दिवसापासून आप्पा सकाळी चहाच्या आधी लेकीचा हात मांडीवर घेऊन बसू लागले. टिचकीऐवजी ते मागाची कांडी वापरत, तिच्या गुळगुळीत टोकाने मनगटावर ठोकत, आणि विचारत, इथे? नाही. इथे? थोडं. इथे? हो, हो, आप्पा, इथे. मग तिथे ते हळदीचा ठिपका देत. दुसऱ्या दिवशी ठिपका मिलिमीटरभर मागे पडलेला असे. नाजूक पदराचे विणकामही दिवसाला जेमतेम बोटभर पुढे जाते. आयुष्यभर त्या गतीने जगलेल्या माणसाला ही गती संथ वाटली नाही. शेजारीपाजारी चौकशी करत, कुठवर आलं? आप्पा सांगत, तळव्यावर मुक्काम आहे.

जून उलटल्यावर एकदा, ठिपका तर्जनीच्या मुळाशी आला असताना, आप्पांनी कांडी थांबवली.

"पाणी कसं लागतं गं हाताला? तिकडचं?"

इतक्या वर्षांत त्यांनी हे विचारले नव्हते. शर्वरीने विचार केला. मग तिने सांगितले की पहाटे ताणा भिजवून वाळत घातलेला असतो, आणि आपण अंधारात त्याच्याखालून वाकून जातो, तेव्हा पाठीला न लागताही तो लागतो, तसे. आप्पांनी कांडी पुन्हा ठोकली. इथे?

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी त्यांनी कांडी तर्जनीच्या टोकाला टेकवली आणि शर्वरी म्हणाली, "आप्पा, कांडीला चीर गेलीय." त्यांनी कांडी उजेडात धरून पाहिली. केसाएवढी चीर होती. त्यांच्या डोळ्यांना ती दिसलीच नव्हती. त्यांनी ती कांडी देव्हाऱ्यात नेऊन ठेवली आणि दिवसभर त्या चिरेचे इतक्या जणांना सांगितले की संध्याकाळी त्यांचा आवाज बसला.

*

दिवाळीनंतर ईडा येवल्याला आली. भाषांतरयंत्र तिने मुद्दाम घरी ठेवले होते. सात-आठ महिन्यांत तिने जमेल तेवढी मराठी शिकून घेतली होती. तिची वाक्ये लहान मुलाच्या पावलांसारखी होती, कुठे पडतील सांगता येत नव्हते, पण पडत नव्हती. उंबऱ्यातच तिने आप्पांना विचारले, "चहा झाला का?" आप्पा इतके हसले की त्यांना बसावे लागले. नाव इडा आणि आली पिडा टाळायला, असे ते जुलेखाबाईंना म्हणाले. त्या नाशिकहून मुद्दाम आल्या होत्या आणि आपल्या वाटची पुरणपोळी ईडाच्या ताटात ढकलत होत्या.

जेवणानंतर शर्वरीने माग दाखवला. अर्धा विणलेला पदर, जांभळ्यावर मुनिया पक्ष्यांची रांग. ईडा वाकून पाहत बाजूने सरकली आणि तिचा पाय मागाच्या खांबाला लागला. तिने तत्क्षणी खांबाला हात लावून कपाळी नेला. मग आपण काय केले हे तिच्या लक्षात आले आणि ती लाल झाली. आप्पांनी मोठ्या गांभीर्याने निर्णय दिला की आता हिला अजून बसता येत नाही, एवढेच सिद्ध झाले आहे. कायदा मात्र हिलाही येवल्याचाच लागू.

मग आप्पा मागाच्या खड्ड्यात उतरून विणायला बसले आणि दोघी ओसरीत आल्या. ईडाने पिशवीतून एक रेखाचित्र काढले. कंपनीत वरची माणसे बदलली होती; नव्यांनी ईडाला परत बोलावले होते आणि ती आपल्या अटींवर गेली होती. चित्रात नवी चौकट होती. तिच्या खांबांना पाय पोचणारच नाही इतके ते दूर नेले होते, आणि खाली दोन पावड्या होत्या, मागाला असतात तशा. भाराखाली दहा वेळा तपासून झाले होते. अकराव्या वेळी ईडा स्वतः चौकटीत बसली होती. जहाज जानेवारीत निघणार होते. सात विणकरांनी होकार कळवला होता.

शर्वरीने रेखाचित्रावरून तर्जनी फिरवली. कागदाला दाणा होता. शाईची रेघ त्यावर किंचित उंच होती. हे सगळे पुन्हा कळते आहे याची तिला अजून सवय झालेली नव्हती, आणि होऊ नये असे वाटत होते.

"शर्वरी," ईडा म्हणाली. तिने हे वाक्य विमानात पाठ केले असावे. "जानेवारीत तू कुठे?"

आत माग थांबला. फणीचा ठोका व्हायला हवा होता तो झाला नाही. ओसरीतच बसलेल्या जुलेखाबाईंनी हातातला चहा खाली ठेवला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचे, सावध हसू आले; हा प्रश्न त्यांनी पूर्वी एकदा ऐकला होता, आणि या बाईच्या उत्तरांचा त्यांना अनुभव होता. अंगणातल्या दोरीवर नुकतेच रंगवलेले रेशीम वाळत होते आणि वाऱ्याने ते एकाच दिशेला, मग दुसऱ्या दिशेला झुकत होते.

"शर्वरे," आतून आप्पांचा आवाज आला, मुद्दाम साधा ठेवलेला. "टोक सापडेना गं. ताण्यातलं. माझी बोटं काही आता..."

ताण्यातला धागा आपोआप तुटला की कुणी तोडला, हे विचारायचे कारण नव्हते.

शर्वरीने रेखाचित्राची घडी केली, ती कमरेला खोचली, उजव्या हाताची चिमटी एकदा जुळवून पाहिली, आणि उत्तर न देता, अनवाणी, आत चालत गेली.